रुग्णालयाची कारभारीण

इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे एक रम्य नगर आहे. कला आणि विद्या यांचे माहेरघर म्हणून त्याची ख्याती. इ. स. १८२० मध्ये एक सधन इंग्रज कुटुंब प्रवास करीत तेथे येऊन राहिले असता १२ मे रोजी त्या घरी एक कन्या जन्मली. जन्मगावाचे नाव मुलीला ठेवण्याची तिच्या आईबापांना हौस होती. थोरलीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला त्या गावाचे प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी हे मिळाले होते. धाकटी फ्लॉरेन्स झाली. मुलींना हे नाव ठेवण्याची चाल तेव्हा इंग्लंडात फारशी नव्हती. ती पुढे या एका मुलीमुळे पडली.

फ्लॉरेन्सचे वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. डर्बीशायर परगण्यात ली हर्स्ट आणि हॅम्पशायर परगण्यात एम्बली अशी त्यांची दोन प्रशस्त घरे होती. मुलींच्या शिक्षणाचा भार त्यांनी स्वतःच उचलला. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय त्या काळी मुलग्यांचे समजले जात; ते त्यांनी दोघींनाही शिकविले. पार्थेनोपीचे मन भरतकामात आणि चित्रांत रमे. फ्लॉरेन्सला गणिताचे वेड होते. बालपणी तिने एका धनगराच्या जखमी कुत्र्याचा पाय शेकून बरा केला, अशी एक गोष्ट तिच्या चरित्रांतून नेहमी सांगतात. ती गोष्ट गोड आहे यात शंका नाही. परंतु कुत्र्यावर दया करणारी मुले पुष्कळ असतात. वस्तू मोजाव्या, त्यांची नोंद करावी, कोष्टके मांडावी, ही जी तिची दुसरी आवड, तीच पुढे हजारो माणसांच्या उपयोगी पडली.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ च्या फेब्रुवारीत, परमेश्वर आपल्याला सेवेसाठी बोलावीत आहे अशी तिची खात्री झाली. सेवा कोणती, हे मात्र उमगेना. ते उमगण्यास काही वर्षे लागली, आणि उमगले तेव्हा घरात हलकल्लोळ झाला. कारण रुग्णांची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीचे काम आहे, असे त्या काळच्या इंग्लंडात कोणाच्या स्वप्नीही नव्हते. रुग्णालये म्हणजे कोंदट, दुर्गंधीने भरलेल्या जागा. ज्यांना घरी उपचार करणे परवडत नसे तेवढेच तेथे जात. तेथील परिचारिका बहुधा अशिक्षित असत, आणि त्या मद्यपान करतात असा त्यांचा लौकिक होता. १८४५ मध्ये सॉल्सबरीच्या रुग्णालयात तीन महिने राहून काम शिकावे, असा बेत फ्लॉरेन्सने घरी सांगितला, तेव्हा तिच्या आईला तो कुळाला काळिमा वाटला. बेत तेथेच मोडला.

यापुढची आठ वर्षे तिने कशी काढली, ते पाहण्याजोगे आहे. दिवसा ती पाहुण्यांचे आगतस्वागत करी, आईच्या फडताळांची व्यवस्था ठेवी, मेजवान्यांना जाई. पहाटे सर्व घर निजलेले असताना ती उठे, दिवा लावी आणि देशोदेशींच्या रुग्णालयांचे अहवाल वाचून त्यांतील आकड्यांची टिपणे करी. रिचर्ड मॉन्क्टन मिल्न्स नावाच्या एका थोर मनाच्या कवीने तिला मागणी घातली होती. तो तिला आवडत असूनही तिने नकार दिला. संसारात पडल्यावर आपले कार्य राहून जाईल, हे तिला स्पष्ट दिसत होते. मग मन रमावे म्हणून घरच्यांनी तिला स्नेही मंडळींबरोबर इजिप्त व ग्रीस या देशांच्या प्रवासाला पाठविले. अथेन्स येथे मुलांच्या तावडीत सापडलेले घुबडाचे एक पिलू तिने सोडवून घेतले; ते पुढे तिच्या खिशात बसून हिंडत असे. या प्रवासाहून परतताना तिने जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील धर्मसेविकांची संस्था पाहिली, आणि १८५१ मध्ये घरच्यांचा विरोध न जुमानता तेथे तीन महिने राहून ती शुश्रूषेचे काम शिकली.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. हार्ली स्ट्रीटवरील हे रुग्णालय हलाखीत सापडलेल्या कुलीन स्त्रियांसाठी होते. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले. कारभार हाती आला, तेव्हा येथून पुढे आपणही तिला नाइटिंगेलबाई म्हणणे उचित.

बाईंनी प्रथम काय केले? कोण्या रुग्णाच्या कपाळावर हात ठेवला नाही. त्यांनी इमारत पाहिली. परिचारिकांचा निम्मा दिवस पाण्यासाठी आणि जेवणाच्या ताटांसाठी जिने चढण्या-उतरण्यात जातो, हे त्यांनी हेरले. त्यांनी प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी आणण्याची आणि स्वयंपाकघरातून ताटे वर खेचून घेण्यासाठी पाळणा बसविण्याची मागणी केली. रुग्णाने घंटा वाजविली की कोणत्या खोलीची घंटा वाजली ते परिचारिकेला बसल्या जागी कळावे, अशी खूण त्यांनी घंटांना लावण्यास सांगितले. ज्या पायांना जिना चढावा लागत नाही ते पाय रुग्णाजवळ राहतात, हा त्यांचा हिशेब होता. संस्थेच्या चालकांना केवळ आपल्या पंथाच्या स्त्रियांना आश्रय द्यावयाचा होता. कोणत्याही धर्माच्या रुग्णाला मज्जाव असणार नाही, हे मान्य होईपर्यंत बाईंनी आपला हट्ट सोडला नाही.

वर्षभरातच मोठे बोलावणे आले. १८५४ च्या मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स यांनी रशियाविरुद्ध युद्ध पुकारले होते. सप्टेंबरात क्रिमियाच्या भूमीवर आल्मा नदीकाठी लढाई झाली. जखमी सैनिकांना जहाजांत घालून काळा समुद्र ओलांडून तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावी आणण्यात येई. तेथे त्यांना बांधायला पट्ट्या नाहीत, पाजायला पाणी नाही, अशी वार्ता टाइम्स पत्राने छापली आणि सारा देश संतापला. युद्धखात्याचे सचिव सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. परिचारिकांची तुकडी घेऊन सरकारी खर्चाने जाल काय, असे त्यांनी पत्राने विचारले. गंमत अशी की, मी जाऊ का, असे विचारणारे बाईंचे पत्र त्याच वेळी टपालात पडलेले होते. २१ ऑक्टोबर रोजी ३८ स्त्रियांना बरोबर घेऊन बाई लंडनहून निघाल्या. त्यांत रोमन कॅथलिक जोगिणी होत्या, इंग्लिश चर्चच्या भगिनी होत्या आणि पगारावर काम करणाऱ्या साध्या परिचारिकाही होत्या. जोगिणींचे एकमेकींशी पटत नव्हते, आणि पगारी बायांना आपली टोपी चेहऱ्याला शोभत नाही याचे दुःख होते. अशा तुकडीला घेऊन ४ नोव्हेंबर रोजी त्या स्कुटारीच्या प्रचंड बराकीत दाखल झाल्या. या बराकीचेच रुग्णालय केलेले होते.

लष्करातील डॉक्टरांना या बायका नको होत्या. सरकारचा हुकूम म्हणून त्यांनी तोंडाने विरोध केला नाही, परंतु रुग्णांजवळ कोणी बोलावलेही नाही. पलीकडे माणसे कण्हत आहेत, मदतीला आलेल्या स्त्रिया अलीकडे हात बांधून बसलेल्या आहेत. कित्येकींना अश्रू आवरेनात. आपण सर्व विरोध झुगारून धावत जाऊ, असे कोणालाही वाटले असते. बाईंनी तसे होऊ दिले नाही. डॉक्टरांनी बोलावल्यावाचून एकीनेही दालनात पाऊल टाकू नये, अशी त्यांनी सक्त आज्ञा दिली आणि सर्वांना गाद्या भरण्यास व कपडे शिवण्यास बसविले. ही आज्ञा कठोर वाटते. पण डॉक्टरांचा विश्वास गमावला तर आज दहा रुग्णांची सेवा होईल आणि उद्या सगळ्या तुकडीला परतीच्या जहाजात बसावे लागेल, हे त्यांना दिसत होते. लवकरच इंकरमनच्या लढाईतील जखमींचे लोंढे येऊ लागले. खाटा संपल्या. माणसे ओवऱ्यांतून उघड्या फरशीवर निजविण्यात आली. तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन मदत मागितली. गाद्या तयार होत्या.

आता बाईंचा कारभार कसा चालला ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चित्रांतून तो दिसत नाही. स्वयंपाकघरात तांब्याचे मोठमोठे हंडे होते. ज्यांत मांस उकळायचे त्यांतच चहा होई. मांसाचे तुकडे वजनाने वाटत. कोणाच्या वाट्याला नुसते हाडच येई. हाडे काढून मांस वाटावे, असे बाईंनी सुचविले, तर त्याला लष्कराचा नवा नियम करावा लागेल असे उत्तर मिळाले. बाईंनी वाद घातला नाही. ज्यांना साधे अन्न पचत नाही त्यांच्यासाठी त्यांनी वेगळी स्वयंपाकघरे उघडली आणि तेथून पेज, सार व लापशी सुरू केली. कपडे धुण्याची सोय नव्हतीच म्हटले तरी चालेल. गावात एक घर भाड्याने घेऊन त्यांनी त्यात पाणी तापविण्याचे बंब बसविले, आणि छावणीत उपाशी पडलेल्या सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामावर लावले. नवे रुग्ण येणार आणि दालने मोडकळीस आलेली, असे झाले तेव्हा सुमारे २०० मजूर लावून त्यांनी ती दुरुस्त करून घेतली व पैसे पदरचे भरले. सरकारने ते मागाहून दिले.

एकदा इंग्लंडहून २७,००० सदरे येऊन बंदरात पडले. रुग्ण थंडीने कुडकुडत होते. परंतु समितीची सभा भरून मंजुरी मिळाल्यावाचून गासड्या सोडता येत नाहीत, असा कोठावळ्याचा नियम होता. त्या सभेला तीन आठवडे लागले. अशा प्रसंगी उपयोगी पडावा म्हणून बाईंनी आपला निराळा कोठा ठेवला होता. टाइम्स पत्राने जमविलेला निधी आणि त्यांचे स्वतःचे पैसे यांतून तो भरला जाई. मात्र त्या कोठ्यातूनही डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी पाहिल्याशिवाय त्या एक चमचाही बाहेर जाऊ देत नसत. कित्येक सहकारिणींना हा नियमाचा अतिरेक वाटला. दुसऱ्याच्या नियमांनी माणसे मरताना पाहणाऱ्या बाईंनी स्वतःही नियम करावे, हे चमत्कारिक दिसते खरे. पण नियम कोणाच्या सोयीसाठी केला आहे, एवढे पाहिले म्हणजे उलगडा होतो. चिठ्ठीमुळे कोणाला काय मिळाले आणि काय संपत आले ते रोज कळे.

स्वतःच्या तुकडीवरही त्यांची नजर करडी होती. मद्य पिऊन कामावर आलेल्या बायांना त्यांनी घरी पाठविले. रात्री आठनंतर कोणाही परिचारिकेने दालनात राहू नये, असा नियम होता. मग हातात दिवा घेऊन त्या एकट्या फिरत. खाटांच्या रांगा एकामागून एक धरल्या तर चार मैल भरतील एवढ्या होत्या. हाच तो चित्रांतील प्रसिद्ध दिवा. चित्रकारांनी तो तेलाच्या पणतीसारखा काढला आहे. खरा दिवा म्हणजे तुर्की बनावटीचा घडीचा कंदील होता. या फेरीत त्या धीर देत, मरणाऱ्याजवळ बसत, हे तर खरेच. पण दिवसा सोपविलेली कामे झाली आहेत की नाहीत, हेही त्या त्याच उजेडात पाहत असत. त्यानंतर त्या पत्रे लिहीत. मृत सैनिकाच्या आईला पत्र, सामानाच्या यादीचे पत्र, हर्बर्टसाहेबांना तक्रारीचे पत्र. सैनिक आपला पगार दारूत घालवितात म्हणून त्यांनी पैसे घरी पाठविण्याची व्यवस्था केली. ते पैसे घरी पाठविणार नाहीत, असे वरिष्ठ म्हणत होते. थोड्याच काळात सुमारे ७१,००० पौंड घरोघर पोहोचले.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. बाई आल्या आणि मृत्यू थांबले, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. तसे घडले नाही. त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीला दर शंभर रुग्णांमागे ४२ जण दगावले. जखमांनी मेलेले थोडे. पटकी, जुलाब, हगवण, ज्वर यांनी मेलेले अतोनात. बराकीच्या खाली तुंबलेली गटारे होती, तेथली घाण हवेत आणि पाण्यात मिसळत होती. मार्च महिन्यात सरकारने पाठविलेले आरोग्य-मंडळ आले. त्याने गटारे धुवून काढली, शेकडो गाड्या केर उपसला, भिंतींना चुना दिला. पाण्याच्या पाटात एक मेलेला घोडा सापडला, तो काढला. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनवर आले.

बाई स्वतः मे महिन्यात क्रिमियातील रुग्णालये पाहण्यास गेल्या आणि तेथे ज्वराने मरणोन्मुख झाल्या. केस कापावे लागले. तरी युद्ध संपून शेवटचा रुग्ण जाईपर्यंत त्या परतल्या नाहीत. याच युद्धात जमेकाची मेरी सीकोल नावाची एक धीट स्त्री, सरकारने तिची सेवा नाकारल्यावर, स्वतःच्या खर्चाने बालाक्लाव्हाजवळ येऊन सैनिकांना औषधपाणी करीत होती, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिचे नाव बरीच वर्षे कोणी घेतले नाही.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई मायदेशी आल्या. स्वागतासाठी देश उत्सुक होता. त्या मिस स्मिथ असे खोटे नाव घेऊन प्रवास करीत गुपचूप घरी पोहोचल्या. डोळ्यांसमोर स्कुटारीची दफनभूमी होती. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंचे आकडे तपासले, आणि हे मृत्यू टाळता आले असते, हा निष्कर्ष त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. आपल्याच रुग्णालयाचे आकडे त्यांनी लपविले नाहीत. रंगीत पाकळ्यांसारखी वर्तुळाकृती चित्रे काढून त्यांनी ते मंत्र्यांना दिसतील असे मांडले. १८५८ मध्ये संख्याशास्त्राच्या परिषदेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

याच सुमारास प्रकृती ढासळली आणि जवळजवळ सर्व उर्वरित आयुष्य त्यांनी अंथरुणावर किंवा खोलीत काढले. काम मात्र वाढले. १८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात मोठमोठी तत्त्वे थोडी आहेत. दाराबाहेर कुजबुजू नये, रुग्णाच्या पाठीमागून बोलू नये, न खाल्लेले ताट त्याच्या उशाशी ठेवू नये, अशा बारीकसारीक गोष्टींनी ते भरलेले आहे. त्यातील एका प्रकरणात, जिच्याकडे कारभार सोपविला आहे तिने काय करावे, याचा विचार आहे. सगळे स्वतः करणारी बाई चांगली कारभारीण नव्हे, असे त्यांचे मत. एका कामावर चार माणसे नेमून निश्चिंत होणारीही नव्हे. प्रत्येक जण आपापले काम करीत आहे आणि आपण तेथे नसतानाही ते होत आहे, अशी तजवीज जी करते ती खरी. आपल्यावाचून सर्वांचे अडते याचा काहींना अभिमान वाटतो, तो बाईंना मुळीच मान्य नव्हता. किल्ल्या कोठे, वह्या कोठे, कोणाला कोणते पथ्य, हे दुसऱ्या माणसाला तत्काळ समजावे, अशी मांडणी हवी. शाळा असो की रुग्णालय, ज्याने एखाद्या संस्थेचा कारभार पाहिला आहे त्याला हे प्रकरण वाचताना आपल्याविषयीच लिहिले आहे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या वर्गात पंधरा जणी होत्या. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड मिळत. दरमहा प्रत्येकीची नोंद होई. त्यात औषधपाण्याच्या ज्ञानाबरोबर वेळेवर येणे, शांतपणे वावरणे, विश्वासूपणा, स्वच्छता आणि दालनाची व्यवस्था यांचेही शेरे असत. येथून तयार झालेल्या स्त्रिया दूरदूर गेल्या. अ‍ॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये बारा परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या दरिद्री-गृहाच्या रुग्णालयात गेली आणि तीन वर्षांत तेथले रूप पालटून तेथेच ज्वराने वारली. १८६८ मध्ये ल्यूसी ऑस्बर्न पाच जणींसह ऑस्ट्रेलियातील सिडनीला गेली.

आपल्या देशाशीही बाईंचा संबंध आला. हिंदुस्थानातील इंग्रज सैनिकांत दर हजारी ६९ दरसाल मरत. त्या इकडे कधीच आल्या नाहीत, पण प्रत्येक लष्करी ठाण्याकडे प्रश्नांची छापील यादी पाठवून त्यांनी उत्तरे गोळा केली आणि १८६३ च्या अहवालात गटारे, पाणी व बराकी यांची दुर्दशा मांडली. दहा वर्षांनी ते प्रमाण हजारी अठरापर्यंत खाली आले. सैनिकांवरून त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी ग्रामस्वच्छतेविषयी पत्रव्यवहार केला. गावाला शुद्ध पाणी मिळाल्यावाचून दवाखाने पुरे पडणार नाहीत, हे त्या खाटेवरून लिहीत राहिल्या.

सोबत्यांना त्यांनी निर्दयपणे राबविले, हा त्यांच्यावरचा आक्षेप खोटा नाही. आजारी असलेल्या सिडनी हर्बर्ट यांनाही त्यांनी विश्रांती घेऊ दिली नाही. १८६१ मध्ये ते वारले. सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हे मतही त्यांनी फार उशिरा स्वीकारले. परंतु हवा, पाणी, गटार आणि स्वच्छ हात यांबद्दलचा त्यांचा आग्रह त्या मतानेही खोटा ठरविला नाही.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान स्त्रीला प्रथमच देण्यात आला, तो त्यांना. तोपर्यंत दृष्टी गेली होती आणि स्मृतीही मंदावली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, राजे आणि कवी यांच्या शेजारी, दफन करण्याची तयारी राष्ट्राने दाखविली होती. घरच्यांनी बाईंच्या इच्छेप्रमाणे ती नाकारली. एम्बलीजवळच्या ईस्ट वेलो गावी, आईबापांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. थडग्यावर त्यांच्या नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका-दिन म्हणून पाळला जातो.